रात्री दोन वाजता कोण येणार?

विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून सातारा-सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर कर्नाटकातले रुग्णही मिरजेची वाट धरत आले आहेत. आज मिरजेत, कऱ्हाडात, साताऱ्यात कर्करोगाची ऑपरेशनं होतात, शेक मिळतो, केमो मिळते. पण डॉक्टर एक दिवस नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता आणखी काही करण्यात अर्थ नाही, घरी न्या, सेवा करा’, आणि तिथून पुढचा रस्ता दाखवणारं कोणी भेटत नाही. घरच्यांच्या त्या गोंधळात हल्ली खासगी सेवा पुरवणारे येतात. त्यांच्यातले चांगले कोण आणि नुसतेच दुकान मांडलेले कोण, हे ओळखायचं कसं? आमच्या आत्याच्या आजारपणात आमचे दोन्ही अनुभव घेऊन झाले. ज्यांच्या घरात आज तीच वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आत्या कोरेगाव तालुक्यातली. जन्मभर मिश्रीची सवय. गालाच्या आत गाठ आली, मिरजेत ऑपरेशन झालं, शेक झाला, पण वर्षाच्या आत दुखणं उलटलं. गालाला बाहेरून जखम फुटली, अन्न नाकातल्या नळीवर आलं. घरात थकलेले मामा, पाळीची नोकरी असलेला माझा आत्येभाऊ आणि वहिनी. मी सांगलीत. रात्रंदिवस जाणतं माणूस हवं म्हणून आत्येभावानं, म्हणजे दादानं, एक खासगी होम केअर सेवा लावली.

त्यांचं माहितीपत्रक गुळगुळीत होतं. चोवीस तास सेवा, प्रशिक्षित नर्स, डॉक्टरांची भेट, अमुक इतकं डिपॉझिट. पाहणीला आलेल्या माणसानं खोली पाहिली, खाट कुठून आत येईल ते पाहिलं, पॅकेज समजावलं. आत्याला काय होतंय, हे त्यानं विचारलं नाही. मग पांढरा कोट घातलेली एक मुलगी आली. आम्ही तिला सिस्टर म्हणायला लागलो. वहिनीशी गप्पा झाल्यावर कळलं, की ती एका दवाखान्यात आयाचं काम करत होती, नर्सिंग शिकलेली नव्हती. पोर वाईट नव्हती, हाताला माया होती. पण कॅन्सरच्या जखमेची पट्टी कशी बदलायची, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

एका शनिवारी रात्री आत्याचा ठणका वाढला. ‘लय ठणकतंय गं, काय बी दे’, एवढंच ती वहिनीला पुन्हा पुन्हा खुणांनी आणि अर्धवट शब्दांनी सांगत होती. दिलेली गोळी गुडघेदुखीला देतात तसलीच. दादानं चोवीस तासांचा म्हणून दिलेला नंबर लावला. आधी उत्तर मिळालं, ‘सकाळी डॉक्टर बघतील.’ पुन्हा लावल्यावर, ‘फारच असेल तर आयसीयूत हलवा.’ मी रविवारी सकाळी पोचले आणि टेबलावरची फाइल उघडली. दर चार तासांनी दुखणं किती, हे शून्य ते दहाच्या मापात लिहायचा तक्ता होता. रात्रीच्या प्रत्येक रकान्यात ‘२’ लिहिलेलं. आणि अजून न उजाडलेल्या दुपार-संध्याकाळच्या रकान्यांतही ‘२’. एकाच पेनानं, एका बैठकीत भरलेला तक्ता. त्याच दिवशी ती सेवा बंद केली.

मिरजेच्या कॅन्सर डॉक्टरांनी मग पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. ते आले, खुर्ची ओढून आत्याच्या उशाशी बसले आणि आमच्याशी बोलण्याआधी तिला म्हणाले, ‘आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?’ आम्हाला वाटलं, ती गालाकडे बोट करेल. तिनं नाकाला पदर लावला आणि दाराकडे हात केला. जखमेला वास येत होता आणि त्या वासामुळे नातवंडं उंबऱ्यातूनच परत जात होती. तिला ठणक्याहून ते जास्त लागलं होतं. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकायला शिकवलं. मॉर्फिन नळीतून सुरू केलं, बरोबर पोट साफ होण्याचं औषध दिलं. वास उतरला, ठणका आटोक्यात आला, मुलं खाटेवर येऊन बसायला लागली. रोग तोच होता, जखम तीच होती. हा एवढा फरक निव्वळ जाणत्या हातांनी पडला.

त्या दोन अनुभवांतून जे हाती लागलं, ते क्रमानं सांगते.

दुखण्याचा प्रश्न पहिला

पहिल्याच फोनवर विचारा, ‘तुमच्याकडे मॉर्फिन मिळतं का? कोण लिहून देतं?’ जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची पायरी आखून दिली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि ते तोंडानं, घड्याळाप्रमाणे, दुखणं परत डोकं वर काढण्याआधीच द्यायचं असतं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं सेवाकेंद्र सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी याच पद्धतीचा आग्रह धरला होता.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं फार किचकट झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं केलं. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेली संस्था मॉर्फिन ठेवू शकते. म्हणून नेमकं विचारायचं, ‘तुमच्या संस्थेला ही मान्यता आहे का? नसेल, तर कोणत्या मान्यताप्राप्त रुग्णालयातून तुम्ही औषध आणून देता?’ चांगली सेवा याचं उत्तर एका वाक्यात देते.

‘मॉर्फिननं सवय लागते, ते अगदी शेवटी देतात’ असं जी सेवा म्हणते, तिला नमस्कार करून पुढे जा. वेदनेच्या प्रमाणात, जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं रुग्ण व्यसनी होत नाही आणि लवकर जातही नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं. म्हणूनच मॉर्फिनच्या चिठ्ठीवर रेचक आहे का, हे पाहा. ते नसेल, तर लिहिणाऱ्याला या औषधाचा सराव नाही असं समजा. नळीतून औषध जात असेल, तर कोणती गोळी कुटायची आणि कोणती नाही, हेही विचारा. शरीरात सावकाश सुटणारी मॉर्फिनची गोळी कुटून द्यायची नसते, कारण मग सगळा डोस एकदम अंगात जातो.

रात्र आणि सुट्टीचा दिवस

दुखणं, धाप, घाबरं होणं हे सगळं रात्री वाढतं, आणि सेवेचा कस तिथेच लागतो. ‘चोवीस तास’ या शब्दांवर थांबू नका. रात्री फोन कोण उचलतं, नर्स की ऑफिसातला मुलगा? त्याला औषधाचा डोस वाढवून सांगायचा अधिकार आहे का? गरज पडली तर माणूस घरी येतं का, आणि कोरेगाव, पाटण, जत, आटपाडीसारख्या तालुक्यातल्या गावात यायला किती वेळ लागतो? शहरात चालणारी सेवा वाडीवस्तीवर चालतेच असं नाही. पैसे भरण्याआधी एखाद्या रविवारी रात्री तो नंबर स्वतः लावून पाहा. दोन ठणक्यांमध्ये द्यायचा जादा डोस घरात आधीच ठेवलेला आहे आणि तो कधी द्यायचा हे कागदावर लिहिलेलं आहे, अशी सोय करून देणारी सेवा निवडा. मग निम्मे फोन करावेच लागत नाहीत.

येणारं माणूस कोण

कोट बघून सिस्टर ठरत नाही. नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत असते, डॉक्टरची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत. नोंदणी क्रमांक मागण्यात कसलाही अपमान नाही. ब्युरोतून येणारी मावशी अंघोळ, कूस बदलणं, कपडे यासाठी फार मोलाची असते. पण तिच्याकडून नर्सचं काम करून घेणं हा रुग्णावर आणि त्या बाईवरही अन्याय आहे. कोण काय करणार, हे लेखी घ्या. डॉक्टरनं पॅलिएटिव्ह केअरचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे का, तेही विचारा. या विषयात एम.डी. करता येतं, आणि १९९४ मध्ये स्थापन झालेली या क्षेत्रातल्यांची राष्ट्रीय संघटना छोटे अभ्यासक्रमही चालवते. नर्स रोज बदलते की ठरलेली राहते, हेसुद्धा महत्त्वाचं. रोज नवीन माणसाला तीच जखम उघडून दाखवणं रुग्णाला नकोसं होतं.

पहिल्या भेटीत काय पाहायचं

पहिल्या भेटीला आलेला माणूस आधी कोणाशी बोलतो? रुग्णाशी, की पैसे देणाऱ्याशी? तो तोंडाच्या आत पाहतो का, पाठ आणि माकडहाड पाहतो का, शेवटचं शौचाला कधी झालं हे विचारतो का? झोप, धाप, मळमळ, मनातली भीती यांची चौकशी करतो का? घरच्यांना काही शिकवून जातो का? कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, तोंड ओल्या कापडानं कसं पुसायचं, नळी कशी धुवायची, हे शिकवणारी सेवा घराला बळ देते. सगळं स्वतःच्या हातात ठेवणारी सेवा घराला परावलंबी करते.

पुढे काय होऊ शकतं, हे आधी सांगण्याचं धैर्य समोरच्यात आहे का, तेही पाहा. आमच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला अंगणात नेऊन सांगितलं, की अशा जखमेतून एखादे वेळी एकदम मोठा रक्तस्राव होऊ शकतो. गडद रंगाची चादर आणि टॉवेल हाताशी ठेवा, म्हणजे रक्त बघून तुम्ही आणि त्या घाबरणार नाही. त्या वेळी काय द्यायचं, कोणाला फोन करायचा, तेही लिहून दिलं. ऐकताना पोटात खड्डा पडला. पण घरात त्यानंतर कोणी बावरलं नाही, कारण प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं.

तक्ता रोज वाचा. रुग्ण सांगतो ते आणि कागद सांगतो ते जुळत नसेल, तर कागदावर विश्वास ठेवू नका.

पैसे आणि कागद

डॉक्टरची भेट, नर्स, औषधं, गादी, ऑक्सिजन यांचे दर वेगवेगळे लिहून मागा. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, रुग्ण महिन्याच्या मध्यात गेला तर हिशेब कसा होणार, हे अवघड वाटलं तरी आधीच विचारा. रुग्णाला एखाद्या ठिकाणी दाखल करणार असाल, तर तिथं सोबत राहता येतं का, घरचं अन्न चालतं का, नातवंडांना येऊ देतात का, ते पाहा. बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. तेही माहीत असू द्या.

आयसीयू आणि व्हेंटिलेटरबद्दल रुग्णाचं म्हणणं शुद्धीत असतानाच लिहून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात असं इच्छापत्र मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. सेवा देणाऱ्यांनी हा विषय स्वतःहून काढला, तर ते शहाणे आहेत असं समजा.

आणखी एक कागद कोणी आधी सांगत नाही. घरी मृत्यू झाला, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार? त्यासाठी नमुना ४-अ असतो आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर भरतो. आत्या घरीच गेली, पहाटे. डॉक्टर आले, दाखला दिला, मामांशी बोलत बसले. सातारा-सांगलीच्या खेड्यांत या एका कागदापायी दुःखातल्या माणसांची किती धावपळ होते, ते मी पाहिलं आहे.

विचारायचं कुठं

सुरुवात उपचार करणाऱ्या कॅन्सर डॉक्टरांपासून करा. पॅलिएटिव्ह केअरचं नाव घेऊन विचारा, नुसतं ‘आता काय’ असं नको. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयांत चौकशी करा. या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात तिची मागणी करणं हा आपला हक्क आहे. दाखल करायचं असेल, तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथं सेवा मोफत मिळते आणि घरचं माणूस सोबत राहून शिकतं. साताऱ्याहून महामार्गानं सरळ जाता येतं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं हे पहिलं हॉस्पिस. केरळात गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर ही सेवा घराघरांत पोचली आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारनं तिचं धोरण केलं. आपल्या दोन जिल्ह्यांत इतके कार्यकर्ते, इतक्या सहकारी संस्था आहेत. मनावर घेतलं, तर इथंही हे होईल.

चौकशी करायला रुग्ण अंथरुणाला खिळण्याची वाट पाहू नका. तो हिंडता-फिरता असतानाच दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवा आणि ज्या घरांत ती सेवा येऊन गेली, अशा एखाद्या घरी जाऊन या. सेवा सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणं उतरलं पाहिजे, झोप लागली पाहिजे. तसं झालं नाही, तर डिपॉझिट अडकलंय, लोक काय म्हणतील, बिचारे येतात तरी, असल्या कुठल्याही कारणासाठी थांबू नका. सेवा बदला, लगेच बदला. रुग्णाजवळ वेळ थोडा असतो, आणि त्यातली एक रात्रसुद्धा विव्हळण्यात जावी, हे आपण खपवून घेता कामा नये.