ताप नाही म्हणजे न्यूमोनिया नाही, असे समजू नका

ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या पंचाहत्तरीच्या एका आजींनी दोन दिवस जेवण टाकले होते. तिसऱ्या दिवशी त्या पोटच्या मुलालाच विचारू लागल्या, "तू कोण रे?" अंगात ताप नव्हता, खोकला जेमतेम. घरचे म्हणाले, वय झाले. शेजारीण म्हणाली, बाहेरचे काहीतरी असेल, अंगारा लावा. मी श्वास मोजले, तर मिनिटाला ३२! ससूनला नेले, छातीचा एक्स-रे काढला आणि न्यूमोनिया निघाला. वेळेत नेल्यामुळे आजी बऱ्या होऊन घरी आल्या.

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत जंतुसंसर्गामुळे पू आणि पाणी साचते. तरुण माणसाला थंडी वाजून ताप येतो, खोकला येतो, छातीत दुखते. म्हातारपणी प्रतिकारशक्ती मंदावते, म्हणून ताप येईलच असे नाही. कफ खोकून काढण्याची ताकदही कमी होते. संसर्गाचा आणि कमी प्राणवायूचा परिणाम मेंदूवर होऊन माणूस गोंधळतो.

या खुणा ओळखा
• अचानक असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, सतत गुंगीत राहणे
• जेवण-पाणी सोडणे
• तोल जाऊन पडणे, अंथरुणातून उठता न येणे
• कपड्यात लघवी होऊ लागणे
• धाप लागणे

कालपर्यंत बरे असलेले माणूस एक-दोन दिवसांत असे बदलले, तर ते नुसते वय नव्हे, आजार आहे.

श्वास कसे मोजाल?
माणूस शांत बसलेले असताना छाती किंवा पोट किती वेळा वर येते, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतो आहोत हे त्यांना सांगू नका. साधारण १२ ते २० श्वास ठीक. २४ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ३० किंवा जास्त असतील तर थांबू नका, १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोना आला, तेव्हा अनेकांनी ऑक्सिमीटर घेतले. ते आता कपाटात पडले असेल. बाहेर काढा, सेल बदला. आकडा ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवा, ९० च्या खाली तर तातडीने रुग्णालयात न्या. ओठ निळसर दिसले तर आकड्याची वाट पाहू नका.

मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक आणून देऊ नका. त्यात मोलाचे दिवस जातात.

काळजी
आजी-आजोबांना आडवे ठेवून भरवू नका. घास श्वासनलिकेत गेला तर त्यानेही न्यूमोनिया होतो. दात, कवळी रोज स्वच्छ करा. विडी, चुलीचा धूर टाळा. फ्लूची आणि न्यूमोकॉकलची लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि रविवारी विहारात एखादी आजी दिसली नाही, तर परतताना तिच्या दारात डोकावा. एक मिनिट बसा, श्वास मोजा.