मातीची पुंजी

अष्टविनायकांपैकी एक स्थान असलेले रांजणगाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथे पाऊस बेताचाच पडतो. उघड्या माळावर बाभूळ, बोर यांसारखी काटक झाडे तग धरतात. त्यांच्या विरळ सावलीतील माती फिकट व कोरडी असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरून वाहणाऱ्या भीमेच्या उगमाकडे, भीमाशंकरच्या अरण्यात गेले, की मात्र निराळे दृश्य दिसते. पाचोळा बाजूस सारताच काळसर, मऊ माती हाती लागते. हा केवळ पावसाचा प्रताप नव्हे.

झाडे हवेतील कर्ब घेऊन आपली पाने, खोडे व मुळे घडवितात. पाने गळून पडली, की गांडुळे, बुरशी आणि जिवाणू ती कुजवितात. त्यांतील काही कर्ब पुन्हा हवेत जातो. काही मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकतो. हीच मातीची पुंजी होय. जगातील मातीत हवा व वनस्पती या दोहोंतील मिळून असलेल्या कर्बापेक्षाही अधिक कर्ब साठलेला आहे.

रानात हिरडा, जांभूळ, आंबा असे नानाविध वृक्ष असले, म्हणजे ही पुंजी वाढते. कोणाची पाने लवकर कुजतात, कोणाची सावकाश. कोणाची मुळे उथळ, कोणाची खोल. त्यामुळे मातीला निरनिराळ्या थरांत सतत खाद्य मिळते. परंतु कर्ब टिकण्यास नत्राचीही जोड लागते. बाभूळ, करंज यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र मातीला मिळवून देतात.

कॅनडातील वनांच्या नोंदींवरून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच जातीचे प्राबल्य न राहता अनेक जाती सारख्या प्रमाणात वाढल्या, तर मातीच्या वरच्या थरातील कर्ब दहा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी व नत्र ४२ टक्क्यांनी वाढू शकतो, असे त्यात आढळले.

आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७६ साली सह्याद्रीतील देवरायांवर शास्त्रीय लेख लिहिला. अशी राई तुटली, की शतकांची पुंजी काही वर्षांतच उधळली जाते. म्हणून माळावर झाडे लावताना ती अनेक जातींची असावीत, आणि गळलेला पाचोळा जाळू नये. तो कचरा नव्हे. ती उद्याची माती आहे.

स्वाध्याय

१. मातीत कर्ब कसा साठतो?
२. बाभूळ मातीला कोणता लाभ करून देते?
३. आपल्या गावातील पाचोळ्याचे काय होते, ते पाहून पाच ओळी लिहा.