पीक पाहणी आणि अखेरचा दिवस

आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याची सोय महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे झाली. परंतु पुष्कळ शेतकरी बंधू हे काम मुदतीच्या अखेरच्या दिवसावर ढकलतात. त्या दिवशी गर्दीने मोबाईल अडतो, ही अडचण त्यामानाने लहानच. खरी हानी मुगाची होते. साठ-पासष्ट दिवसांचे हे पीक. जूनअखेर पेरलेला मूग सप्टेंबरच्या आरंभी खळ्यात येऊन पडतो. नोंदीसाठी तर शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. रिकाम्या रानाचे छायाचित्र काय घेणार? सातबाऱ्यावर पीक नसले म्हणजे हमीभावाने विक्री अडते, अतिवृष्टीची मदतही अडते. म्हणून नोंदणी सुरू होताच गावकार्यकर्त्यांनी प्रथम मूग-उडीदवाल्यांकडे जावे. कापूस व तूर शेतात दीर्घकाळ उभी असतात. तिकडे नंतर गेले तरी चालेल.