कार्यशाळेतील व्हाइस : धातू, प्रकार आणि उपयोग

आमच्या कार्यशाळेत शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल की, कानस हाती देण्यापूर्वी आम्ही त्यांना व्हाइससमोर उभे करीत असू. नुसत्या हातात धरलेला लोखंडी तुकडा कानशीखाली निसटतो आणि बोटे जायबंदी होतात. म्हणून काम धरावे कसे, हाच आमचा पहिला पाठ.

टेबलावर बसविलेल्या बेंच व्हाइसचे अंग बिडाचे असते. बीड ओतून हवा तो आकार घेता येतो, ते दाब उत्तम सोसते आणि कानशीची थरथर जिरविते. मात्र ते ठिसूळ असते. जबड्यांवरील खाचेदार पट्ट्या कठीण केलेल्या पोलादाच्या, तर स्क्रू व दांडा मऊ पोलादाचा. स्क्रूचे आटे बहुधा चौकोनी असतात, कारण त्यांत घर्षणामुळे जोर कमी वाया जातो. दांड्याची लांबीदेखील हिशेबाने ठरविलेली असते. एके वर्षी हाताचा जोर अपुरा वाटला म्हणून एका मुलाने दांड्यावर नळी चढवून पिळले, आणि सरकता जबडा तडकला. तो आम्ही भंगारात दिला नाही. तुटलेल्या जागेचा करडा, दाणेदार पोत नव्या तुकडीला दाखविला की ठिसूळपणा निराळा समजवावा लागत नाही.

ठोकाठोकीसाठी लोहाराचा लेग व्हाइस. तो घडीव असून त्याचा पाय जमिनीपर्यंत पोहोचतो. घणाचा आघात टेबलाऐवजी जमीन सोसते. त्याचा जबडा खालच्या बिजागरीवर कमानीत फिरतो, त्यामुळे जाड वस्तू फक्त खालच्या कडेवर पकडली जाते. बारीक कामाला तो म्हणूनच निरुपयोगी. नळासाठी पाइप व्हाइस, छिद्र पाडताना मशीन व्हाइस, बारक्या वस्तूंसाठी हँड व्हाइस. सुतारी व्हाइसच्या जबड्यांना लाकडी फळ्या लावलेल्या असतात.

घासून गुळगुळीत केलेली वस्तू खाचेदार पट्ट्यांत थेट धरली तर तासाभराची मेहनत एका आवळण्यात वाया जाते. यासाठी जबड्यांवर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याची टोपणे घालावीत.

व्हाइसचे माप जबड्याच्या रुंदीवरून सांगतात. उंची मात्र काम करणाऱ्याच्या कोपराशी जुळावी लागते; आमच्या लहान मुलांसाठी आम्ही पायाखाली लाकडी पाट ठेवतो.