गॅस गेला कुठे?

जुन्या गाडीचा एसी गार करेनासा झाला की गॅरेजात निदान तयारच असतं : "साहेब, गॅस संपलाय." बॉनेट उघडायच्या आधीच. मग गेजच्या नळ्या जोडल्या जातात, सिलिंडर उलटा-सुलटा होतो, दहा मिनिटांत बर्फासारखी हवा येते आणि आपण खूश होऊन पैसे देतो. माझ्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये पाडव्याच्या सुमारास भरलेला गॅस आंब्यांचा मोसम संपायच्या आत गायब व्हायचा आणि पुन्हा तेच निदान.

मुळात हा गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे. कुठून, ते दाखवल्याशिवाय नुसता गॅस भरू पाहणाऱ्याला गाडीची किल्ली देऊ नका. आणि गार होत नाही म्हणजे गॅसच कमी, हेही गृहीत धरू नका.

आमच्या गाडीत तर उष्णतेचा एक उगम डॅशबोर्डच्या आतच होता. कॉन्टेसा बनायची बंगालात, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये, पण तिचा मूळ आराखडा विलायतेतल्या व्हॉक्सहॉलचा. तिकडे चिंता थंडीची, म्हणून डॅशबोर्डखाली हीटर. इंजिनाचं गरम पाणी त्यात सोडणारा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न हलवल्यानं अर्धवट उघडा अडकला होता. म्हणजे एकाच डब्यात एक कॉइल हवा गार करत होती आणि शेजारची तीच हवा तापवत होती. ओळखायची पद्धत बिनखर्चाची आहे. एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर लावा आणि वीसेक मिनिटं गाडी चालवा. बाहेरच्या हवेपेक्षा झडपेतून येणारी हवा बरीच गरम लागली, तर संशय हीटरवर. मग बॉनेटखाली हीटरकडे जाणारे दोन्ही होज चाचपून बघा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. व्हॉल्व्ह बंद असताना दोन्ही चटका देत असतील, तर पाणी आत फिरतंय. मी ते दोन होज बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून घेतले. पुण्याच्या थंडीत हीटर लागतो कुणाला? त्या एका जोडणीनं जो फरक पडला, तो आधी कितीही गॅस भरून पडला नव्हता.

दुसरी चाचणी बादलीभर पाण्याची. गाडी हायवेवर गार राहते आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट होते, ही तक्रार जुन्या गाड्यांत घरोघरी. गाडी उभी, एसी चालू, आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हलक्या हातानं पाणी सोडा. आतली हवा लगेच सुधारली, तर गॅसला दोष देऊ नका. कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. फॅन उलटा फिरतोय का (वायरिंग बदलताना हे सर्रास होतं), पाती झिजलीत का, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये धूळ आणि किडे साचून गालिचा झालाय का, ते बघा. जुन्या जाड नळीच्या कंडेन्सरपेक्षा चपट्या नळ्यांचा पॅरलल फ्लो कंडेन्सर उष्णता खूपच चांगली टाकतो. मापात बसत असेल तर खर्च सार्थकी लागतो.

कॉम्प्रेसरचा क्लच गरम झाल्यावर सुटत असेल, तर आधी मल्टिमीटर. बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि क्लचच्या टोकाशी जेमतेम 11, असं दिसलं की चाळीस वर्षांच्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये वीज हरवते आहे. रिले बसवा, अर्थिंग घासून पक्कं करा. क्लचच्या चकतीतलं अंतर साधारण 0.4 ते 0.8 मिलिमीटर असावं. झिजून ते वाढलं की थंड असताना पकडतो, तापला की सोडतो. यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगणारे भेटतात.

आता गॅसची गोष्ट. आमच्या गाडीत जन्मतः आर-12 होता. ओझोनच्या थरासाठी 1987 साली माँट्रियलचा करार झाला आणि हे जुने गॅस टप्प्याटप्प्यानं बाद होत गेले. आज गाडीत जातो तो आर-134ए. तो नुसता ओतून चालत नाही. आर-12 बरोबर खनिज तेल फिरायचं. ते 134ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. पॅग किंवा एस्टर तेल लागतं. 134ए चा रेणू बारीक, तो जुन्या रबरी होजच्या भिंतीतूनही झिरपतो, म्हणून आत अस्तर असलेले नवे बॅरिअर होज आणि नव्या ओ-रिंगा हव्यात. ड्रायर तर बदलायलाच हवा, कारण यंत्रणा उघडी पडली की तो हवेतला ओलावा पितो. वजनानं गॅस जुन्याच्या 80 ते 90 टक्केच भरायचा. "थोडा जास्त टाकतो, साहेब" हे औदार्य हाय साइडचा दाब चढवतं आणि हवा उलट गरम होते.

लीकेज शोधायला डोळे पुरतात बऱ्याचदा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. आमच्याकडे कंडेन्सरच्या खालच्या सांध्याशी काळा चिकट ठिपका होता, जाळीतून टॉर्च मारली तरच दिसणारा. तिथे साबणाचा फेस लावला तर अगदी बारीक बुडबुडे, एकेक, सावकाश. बुडबुडे दिसावेत म्हणून यंत्रणेत नायट्रोजन भरून दाब देतात. टायरची हवा भरू देऊ नका, तिच्यात ओलावा असतो. नायट्रोजनचा दाब टिकला की मग किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतोय का ते आपण स्वतः उभं राहून बघायचं.

गेजच्या बाबतीत एक चकवा असतो. इंजिन बंद असताना 30 अंशांच्या दिवशी 134ए चा दाब सुमारे 97 पीएसआय दिसतो, आत थोडा द्रव असला काय नि भरपूर असला काय. त्यावरून "फुल्ल आहे" म्हणणं फसवं आहे. इंजिन चालू करून दोन्ही काटे वाचायचे : कमी दाबाच्या बाजूचा (खालचा) आणि जास्त दाबाच्या बाजूचा (वरचा). दोन्ही खाली तर गॅस कमी. खालचा वर आणि वरचा खाली, तर कॉम्प्रेसर थकला. खालचा शून्याखाली ओढला जात असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला किंवा आत ओलावा गोठतोय. शंका असेल तर सगळा गॅस काढून घेऊन, काट्यावर तोलून भरायचा.

आणि नाव-गाव नसलेला स्वस्त सिलिंडर दिसला तर सरळ नाही म्हणा. त्यात ज्वालाग्राही गॅस असू शकतो, आणि कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांसमोर असते. सांधे स्वतः सैल करण्याचा उत्साहही आवरा. बाहेर पडणारा 134ए उणे 26 अंशांना उकळतो, बोटं जागीच गोठतील.

काम झाल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावून घ्या : कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठलं तेल, ड्रायर कधी बदलला. पुढचा मिस्त्री तोच असेल असं नाही. थंडीत आणि पावसाळ्यातही पंधरवड्याला दहा मिनिटं एसी चालवा. नाहीतर कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील सुकतं आणि पाडव्याला पुन्हा "गॅस संपलाय" ऐकावं लागतं.