फरशीकाम करणाऱ्या बांधवांचे आरोग्य : काही आवश्यक माहिती

बाळापूर व परिसरातील अनेक तरुण गवंडीकाम, फरशी बसविणे व पॉलिश करणे या कामांवर पोट भरतात. काही जण त्यासाठी अकोल्यास रोज जातात, काही पुणे-मुंबई गाठतात. दुसऱ्याचे घर चकचकीत करणाऱ्या या हातांना कोणत्या पदार्थांपासून अपाय होतो, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

१) ओले सिमेंट : हे तीव्र अल्कधर्मी असते. लागताक्षणी आग होत नाही, म्हणून कामगार तासन् तास त्यावर गुडघे टेकून बसतो आणि संध्याकाळी कातडी भाजलेली आढळते. सिमेंटमधील क्रोमियममुळे हातांना कायमची खाज व भेगा पडू शकतात. रबरी हातमोजे वापरावेत. ओले कपडे लगेच बदलून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी.

२) ॲसिड : डाग काढण्याच्या ॲसिडची वाफ डोळे व छातीस झोंबते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, म्हणून दोन्ही कधीही एकत्र करू नयेत. पॉलिशचे ऑक्झॅलिक ॲसिड साखरेसारखे पांढरे दिसते. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ते डब्यावर नाव लिहून मुलांपासून दूर ठेवावे.

३) थिनर व चिकटद्रव्ये : बंद खोलीत यांच्या वासाने डोके दुखते, चक्कर येते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ बिडी पेटवू नये.

४) दगडाची धूळ : ग्रॅनाइट किंवा टाइल कोरडी कापताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. पाणी सोडून कापावे व एन-९५ मास्क लावावा. या धुळीमुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याची लक्षणे क्षयासारखी असतात, शिवाय अशा रुग्णास क्षय होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून खोकला व दम लागत असल्यास डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा.

बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात २०११ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. १८ ते ६० वयाच्या व वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगारास तेथे नोंदणी करता येते. शिकलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील कामगारांचे अर्ज भरून द्यावेत आणि डब्यांवरील सूचना त्यांना वाचून दाखवाव्यात. आपल्या शिक्षणाचा समाजाला झालेला हा प्रत्यक्ष उपयोग ठरेल.