फोडणीचा वास आणि सोसायटीचा ठराव

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या स्वतःच्या गाळ्यात मला पोळी-भाजी केंद्र सुरू करायचे आहे. सभेत आक्षेप आले, ‘फोडणीच्या वासाने मुलांचा अभ्यास बुडेल’, ‘डबेवाल्यांमुळे मुलींना स्थळे येणार नाहीत’. काय करू?

उत्तर : ताई, आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढा. त्यात गाळा ‘दुकान’ म्हणून असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. स्थळांच्या काळजीला कायद्यात जागा नाही. एका बाईच्या पोटापाण्याच्या आड ती यावी, याचे मला फार वाईट वाटते.

मात्र धूर, खरकटे, गॅस सिलिंडर आणि दुचाक्यांची गर्दी या तक्रारी खऱ्या आहेत, त्यांना लेखी उत्तर द्या. चिमणी गच्चीच्या वर न्यायची तर सामाईक भिंतीसाठी सोसायटीची परवानगी लागेल. मिक्सर, पंख्याचा आवाजही जपा : निवासी भागात 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. अन्नपरवाना आधीच घ्या.

आक्षेप इतिवृत्तात शब्दशः नोंदवायला लावा. तरीही अडवले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. त्याआधी वकिलाला कागद दाखवा.